टर्बो गाडीत हवा वाढवण्याआधी

सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआय या गाडीत अनेक मालक पहिला बदल इनटेकचा करतात. कारखान्यातून आलेली नळी आणि फिल्टरचा डबा काढून रुंद नळी बसवतात. इंजिनाला हवा मोकळी मिळते, हे खरं. पण येणारी हवा मोजणारा सेन्सरही याच नळीत असतो, आणि मूळ नळीचा व्यास गृहीत धरूनच गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याचा आकडा वाचतो. नळी रुंद झाली की तेवढीच हवा सेन्सरवरून संथ वाहते. सेन्सर ती कमी दाखवतो, आणि ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो.

धोका इथेच आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. टर्बोचा दाब पूर्ण असताना मात्र हे प्रमाण मुद्दाम ११ च्या आसपास ठेवतात, कारण जास्तीचं पेट्रोल ज्वलनाची उष्णता आटोक्यात ठेवतं. तेच कमी पडलं तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी भडकणं, सुरू होतं, आणि या गाडीच्या २.५ लिटर इंजिनात पिस्टनवरच्या, रिंगांमधल्या कडा तुटू शकतात.

जास्त हवेला पेट्रोलही जास्त लागतं, आणि ते फवारणाऱ्या इंजेक्टरचं गणितही घट्ट असतं. ६००० आरपीएमला एका चक्रासाठी जेमतेम २० मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर त्यातले १७ उघडा राहू लागला, की हाताशी फारसं काही उरत नाही. मोठे इंजेक्टर बसवताना टाकीतला पंपही तपासावा. इंधनाचा दाब ढासळला तर मोठ्या इंजेक्टरचा उपयोग नाही. आणि नव्या नळीनुसार ईसीयू जुळवून घेण्यासाठी, म्हणजे ट्यूनिंगसाठी, पैसे बाजूला ठेवले नसतील, तर माझ्या मते रुंद नळी विकतच घेऊ नये.