पंडिता रमाबाईंचा नकार

सोळाव्या शतकात सिंधमधून सूफी मंडळी बऱ्हाणपुरास आली. आमचा सिंधीपुरा त्यांची आठवण आजही सांगतो. अशा शेजारात श्रद्धा मोठी की मताची शुद्धता, हा प्रश्न निघाला की आम्हांस पंडिता रमाबाई आठवतात.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्याचा सिद्धान्त, मनास पटल्यावाचून, केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारण्यास त्या तयार होईनात. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द हवेत, हेही त्यांनी धर्ममाता भगिनी जेराल्डिन यांना कळविले. (शाकाहार तर तेथेही सुटला नाही!) भगिनींना यात अहंकार दिसला. आम्हांस तसे वाटत नाही. ख्रिस्तासाठी स्वदेशातील लौकिक पणास लावणारी स्त्री न पटलेले वाक्य मुखाने कसे उच्चारील?

मात्र मत कसलेही चालेल, असेही बाईंनी मानले नाही. तसे असते तर खोटा होकार देऊन त्या मोकळ्या झाल्या असत्या. त्यांचा शोध चालूच राहिला. १८९१ च्या सुमारास ख्रिस्तावरील दृढ विश्वास त्यांना लाभला, तो स्वतःच्या अनुभवातून. पुढे केडगावी, दुष्काळातून आणलेल्या निराधार मुलींचा संसार सांभाळीत, हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या निवर्तल्या, तोवर हे काम चालू होते.