प्रकटीकरणाचे मंगलाचरण

नाताळापूर्वीचे चार रविवार ख्रिस्ती समाज ‘आगमनकाळ’ म्हणून पाळतो. या काळात दोन आगमनांचे चिंतन चालते. एक बेथलेहेमात होऊन गेलेले आणि दुसरे युगान्ती व्हावयाचे. पहिल्या आगमनाची कथा आबालवृद्धांना ठाऊक आहे. गव्हाणी, मेंढपाळ आणि पूर्वेचा तारा यांची चित्रे घरोघरी लागतात. दुसऱ्या आगमनाचा ग्रंथ मात्र थोडेच लोक उघडतात, आणि उघडणाऱ्यांपैकी पुष्कळजण भिऊन तो मिटून ठेवतात. बायबलातील हा अखेरचा, बावीस अध्यायांचा ग्रंथ म्हणजे ‘प्रकटीकरण’. त्यातील सात मुद्रा, सात कर्णे, सप्तशीर्ष अजगर आणि अग्निसरोवर यांची वर्णने ऐकून हा केवळ प्रलयाचा ग्रंथ आहे असा समज रूढ झाला आहे. तो कितपत खरा, हे ग्रंथाच्या आरंभालाच विचारून पाहू.

आपल्या मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी जी सहा लिंगे सांगितली, त्यांत पहिला मान उपक्रम आणि उपसंहार यांच्या एकवाक्यतेला दिला आहे. ग्रंथ कोठून निघतो आणि कोठे विसावतो हे आधी पाहावे, मधल्या वनात शिरताना वाट चुकत नाही. ही कसोटी कोणत्याही धर्माच्या ग्रंथाला लावता येते.

अनावरण

ग्रंथाचा पहिलाच ग्रीक शब्द आहे ‘अपोकालुप्सिस’. इंग्रजीतून आलेल्या ‘अपोकॅलिप्स’ या शब्दाचा अर्थ आज सर्वनाश असा केला जातो. मूळ धातूचा अर्थ झाकणे, आणि ‘अपो’ या उपसर्गाचा अर्थ दूर. झाकण दूर करणे, अनावरण, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हा ‘अपो’ आणि आपला ‘अप’ हे एकाच कुळातील सगे बंधू होत. ईशोपनिषदाचा ऋषी सत्याच्या मुखावरील सोन्याचे झाकण दूर करण्याची विनवणी करतो, तेथेही क्रियापदाच्या मुखाशी हाच ‘अप’ आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘प्रकटीकरण’ हे नाव योजून मूळ अर्थ नेमका राखला, यासाठी त्यांचे ऋणी असले पाहिजे.

त्यापुढे ग्रंथ आपली परंपरा सांगतो. हे ज्ञान देवाने येशू ख्रिस्ताला दिले, दूताच्या द्वारे ते योहानाकडे आले आणि योहानाने ते सेवकजनांना सांगितले. पुराणाच्या आरंभी कोणी कोणास सांगितले हे ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हा मार्ग परका वाटणार नाही. नंतर लगेच फलश्रुती येते. ग्रंथात विखुरलेल्या सात धन्यवचनांपैकी हे पहिले. त्यात वाचणारा एकवचनी आहे आणि ऐकणारे अनेकवचनी. एकाने उभे राहून मोठ्याने वाचावे, सभेने ऐकावे आणि ऐकलेले पाळावे, अशी येथे योजना आहे. एकान्तात बसून गूढ अंकांची बेरीज करण्यासाठी हा ग्रंथ रचलाच गेला नाही. तो श्रवणाचा ग्रंथ आहे. अहमदनगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा वाढली आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या कवीने भजन-कीर्तनाची वाट उपासनेत आणली, तेव्हा या वक्ता-श्रोता नात्याला मराठी रूप लाभले, असे म्हणावयास हरकत नाही.

एक आर्ष प्रयोग

चौथ्या वचनात योहान श्रोत्यांना कृपा आणि शांती चिंतितो. ती ज्याच्यापासून येते त्या ईश्वराचा निर्देश तो तीन पदांनी करतो : असणारा, होता तो, आणि येणारा. येथे व्याकरणाच्या अभ्यासकाने थबकावे. ग्रीक भाषेत ‘अपो’ म्हणजे ‘पासून’ या शब्दानंतर षष्ठी विभक्ती हवी. योहान मात्र ईश्वरनामाला प्रथमेतच ठेवतो. त्याला नियम ठाऊक नसावा म्हणावे, तर त्याच वाक्यात पुढे दोनदा तोच शब्द येतो आणि दोन्ही वेळा षष्ठी बिनचूक लागते. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसिअस याला या ग्रंथाची ग्रीक भाषा सदोष वाटली होती. आपल्याकडे ऋषीच्या मुखातून असे रूप आले, तर वैयाकरण त्याला ‘आर्ष प्रयोग’ म्हणून वंदन करतात. जळत्या झुडपातून मोशेला जे नाम कळले, त्याच्या ग्रीक भाषांतरात ‘असणारा’ हेच पद आहे. ते नाम कोणत्याही शब्दाच्या अधीन होऊन बदलत नाही, असेच योहानाला सुचवावयाचे असावे.

पदांचा क्रमही पाहण्याजोगा आहे. भूत, वर्तमान, भविष्य असा क्रम न धरता वर्तमानाला अग्रस्थान दिले आहे. आणि तिसऱ्या पदात ‘असेल’ असे न म्हणता ‘येणे’ ही क्रिया घातली आहे. भविष्यकाळ दूर कोठे तरी उभा राहून आपली वाट पाहत नाही. ईश्वरच भक्ताकडे चालत येत आहे. आगमनकाळाचे सारे तत्त्व या एका पदात साठले आहे. कॅथलिक उपासनेच्या त्रैवार्षिक वाचनचक्रात एका वर्षी, आगमनकाळाच्या आदल्या रविवारी, ख्रिस्तराजाच्या सणाला याच आरंभातील वचने वाचली जातात, ती या दृष्टीने सर्वस्वी उचित होत.

सात नगरे, एक बेट

हे पत्र कोणास लिहिले? इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या सात नगरांतील मंडळ्यांस. ‘आसिया’ म्हणजे येथे रोमन साम्राज्याचा प्रांत, आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. नकाशावर ही नावे त्याच क्रमाने जोडली, तर इफिसाहून उत्तरेस जाऊन आग्नेयेस वळणारी वाट तयार होते. पत्र घेऊन निघालेल्या माणसाने याच वाटेने जावे, इतका हा क्रम व्यवहाराचा आहे. लिहिणारा योहान एजियन समुद्रातील पात्म नावाच्या लहान बेटावर होता. वचनासाठी आणि साक्षीसाठी आपण तेथे आहोत, असे तो सांगतो. आज ग्रीस देशात असलेल्या या बेटावर 1088 मध्ये स्थापन झालेला संत योहानाचा मठ आणि दर्शनाची मानली गेलेली गुहा आहे. 1999 मध्ये युनेस्कोने या स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला.

दुसऱ्या शतकातील इरेनेयस सांगतो की हे दर्शन दोमितियन बादशहाच्या कारकिर्दीच्या अखेरीस झाले. दोमितियनाचा काळ इसवी सन 81 ते 96. काही अभ्यासक हा काळ नीरोच्या आसपास मागे नेतात. काळ कोणताही धरला तरी परिस्थिती सारखीच बिकट होती. पर्गमात आणि इफिसात सम्राटपूजेची मंदिरे होती. सुमारे 112 साली याच भूभागाच्या उत्तरेकडील बिथिनियाचा राज्यपाल प्लिनी बादशहा ट्राजनला कळवितो, की आरोपी ख्रिस्तींना आपण सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप घालावयास लावतो आणि हट्ट न सोडणाऱ्यांना देहदंड देतो. चिमूटभर धूप की प्राण, असा प्रश्न ज्यांच्यापुढे कधीही उभा ठाकेल, त्या माणसांसाठी हे पत्र होते. म्हणून योहान ख्रिस्ताला प्रथम ‘विश्वासू साक्षी’ म्हणतो. साक्षीदाराचा हाच ग्रीक शब्द, ‘मार्तुस’, पुढे हुतात्म्याचा वाचक झाला.

मस्तकावरचा हात

मग दर्शन होते. सोन्याच्या सात समया, त्यांच्या मधोमध मानवपुत्रासारखा कोणी, शुभ्र केस, अग्निज्वाळेसारखे नेत्र, जलौघासारखा ध्वनी, उजव्या हातात सात तारे आणि मुखातून निघणारी दुधारी तलवार. यातील पुष्कळ रेखा दानिएलाच्या ग्रंथातून आल्या आहेत. तलवार हातात नसून मुखात आहे, हे विसरू नये. तेथे शब्द हेच शस्त्र आहे. ते रूप पाहून योहान मृतवत् चरणांशी कोसळतो. विश्वरूप पाहून कंपित झालेला अर्जुन येथे आठवल्यावाचून राहत नाही. आणि पुढे काय घडते? ज्या उजव्या हातात तारे आहेत, तोच हात योहानावर ठेवला जातो आणि त्याला अभय मिळते. मृत्यूच्या किल्ल्या आपल्यापाशी असल्याचे ख्रिस्त सांगतो.

अध्यायाच्या शेवटी ग्रंथ आपल्या प्रतीकांची फोडही स्वतःच करतो. समया म्हणजे त्या सात मंडळ्या, तारे म्हणजे त्यांचे दूत. ज्याला समयांच्या मधोमध पाहिले, तो तर त्या पीडित मंडळ्यांच्याच मधोमध उभा आहे, हा त्या फोडीचा अर्थ.

ही दारातील सूचना न वाचता जे आत धावले, त्यांनी अनर्थ ओढवून घेतला. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी दानिएल व प्रकटीकरण यांच्या आधारे गणित मांडून 22 ऑक्टोबर 1844 हा पुनरागमनाचा दिवस ठरविला. कित्येकांनी उभी पिकेही कापली नाहीत. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. 1993 मध्ये टेक्सासमधील वेको येथे सात मुद्रा उघडण्याचा अधिकार आपलाच, असे सांगणाऱ्या एका पंथनायकाच्या भोवती वेढा पडला. त्याच्या अखेरच्या दिवशी बालकांसह सत्तरांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. अभयाच्या ग्रंथातून भय उपसले की काय होते, याची ही उदाहरणे आहेत. आणि हा धोका एकाच धर्मापुरता नाही. कलियुगाच्या अंताची तारीख सांगणारे आपल्याकडेही भेटतात.

आता उपसंहाराकडे पाहू. शेवटच्या अध्यायात अल्फा आणि ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेचे आद्य आणि अंत्य अक्षर, ही आरंभीची उपाधी पुन्हा येते. धन्यवचन पुन्हा येते. आणि ज्या कृपेच्या चिंतनाने पत्र सुरू झाले, त्या कृपेच्याच चिंतनाने शेवटचे वचन मिटते. मधला सारा प्रलय या दोन आशीर्वादांच्या पुटात बसविलेला आहे. उपक्रम आणि उपसंहार यांची अशी एकवाक्यता असता तात्पर्याविषयी संशय कशास उरावा?

नाताळच्या रात्री दिवा लावताना वाचकांनी त्या सात समया आठवाव्या. अंधार मोठा होता, म्हणूनच त्या लावल्या गेल्या होत्या. सर्वांना कृपा आणि शांती लाभो.