माळव्याच्या मातीखालचा समुद्र

देवास गेटवर आमच्या पेढीस येणारा गहू-हरभरा ज्या काळ्या मातीत पिकतो, ती मूळची कोठली, हा विचार भाव आणि आवक यांच्या गडबडीत सहसा मनात येत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हारसाचा काळा दगड झिजून ती झाली. त्या दगडाखाली काय आहे, हे पाहावयाचे तर धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्याकडे, बाघ गावी जावे लागते. लेण्यांसाठी तेथे पुष्कळ जण जातात. लेणी ज्या वालुकाश्मात खोदली, त्याची विचारपूस क्वचितच कोणी करतो.

गोदामातील थप्पीत तळाचे पोते आधी आलेले असते. खडकांचाही हिशेब तोच. तळाशी हा वालुकाश्म, म्हणजे नदीमुखाशी व उथळ किनाऱ्यावर साचलेली वाळू. त्यावर चुनखडक. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र आजच्या नर्मदाखोऱ्यातून आत शिरला, त्याचा तो गाळ होय. त्यात कालवांचे शिंपले, समुद्री अर्चिन, ॲमोनाइट, शार्क माशांचे दात सापडतात. वरच्या एका थरास 'प्रवाळी चुनखडक' म्हणतात; पण तो पोवळ्यांचा नव्हे, ब्रायोझोआ नामक सूक्ष्म, वसाहतीने राहणाऱ्या जीवांच्या सांगाड्यांचा आहे. पोत्यावर एक नाव आणि आत दुसरा माल, हे आमच्या बाजारात चालत नाही. शास्त्रात मात्र चालून गेले!

समुद्र हटल्यावर त्या भूमीवर डायनोसॉर वावरले. बाघ-कुक्षी परिसरातील त्यांची ९२ घरटी व २५६ अंडी यांचा वृत्तान्त दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. पाडल्या गावचे लोक असेच गोल दगड शेताचे राखणदार भैरव म्हणून पूजीत आले होते. ती अंडी असल्याचे जाणकारांनी त्याच वर्षी सांगितले. देव मानल्यामुळे निदान तेवढी तरी जपली गेली.

२०११ साली बाघजवळ जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झाले, परंतु ते एक चौरस किलोमीटरहूनही लहान. बाकीचे थर शेतांत व नाल्यांच्या काठी उघडे पडले आहेत, आणि शिंपला सहज खिशात मावतो. पोत्यावरील मार्का पुसला की माल कोणत्या गावचा हे कळत नाही. थरातून उपटलेल्या शिंपल्याचेही तसेच, त्याचा काळ मग सांगणे कठीण. लेणी पाहावयास जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांस नाल्याच्या काठावर खालून वर थर मोजून दाखवावेत, व शिंपला दिसल्यास जागीच असू द्यावा.