पोटुशीचा घोर आणि किडनीवरच्या दोन ग्रंथी

भातलावणीचे दिवस आहेत. मावळात सध्या दिवसभर चिखलात वाकायचं, वर पाऊस, आणि घरी आलं की चूल. त्यात एखादी पोटुशी असली आणि कर्जाचा किंवा नवऱ्याच्या पिण्याचा घोर तिच्या पाठीशी असला, तर तिच्या शरीरात काय चालतं ते आज बघू.

आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. डॉक्टर तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. साप दिसला की छाती धडधडते, पाय आपोआप पळतात, ते तिच्यातून सुटणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनमुळे. तिचा दुसरा रस कॉर्टिसॉल. तो रक्तात साखर सोडतो, रक्तदाब सांभाळतो आणि संकट टळलं की उतरतो. घोर रोजचाच असला, तर त्याला उतरायला सवडच मिळत नाही.

गरोदरपणात कॉर्टिसॉल तसंही वाढतं, शेवटच्या महिन्यांत दुप्पट-तिप्पट होतं. त्याला घाबरू नका. आईच्या रक्तातलं बरंचसं कॉर्टिसॉल वार निकामी करते, बाळापर्यंत थोडंच जाऊ देते. पण खाणं अपुरं आणि ताण सतत असेल, तर वारेचा हा पहारा ढिला पडू शकतो. मग बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी होण्याचा धोका वाढतो. धोका वाढतो म्हणाले, तसं होतंच असं नाही. म्हणून तिला ‘टेन्शन घेऊ नको, बाळाला लागेल’ असं बजावू नका. त्यानं तिचा घोर वाढतोच.

कामाचा भार कमी करणं मात्र आपल्या हातात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. ज्या आया शेतात आणि घरात जास्त राबल्या, त्यांची बाळं लहान होती. ज्यांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध होतं, त्यांची बाळं अंगानं भरलेली. हा अभ्यास कष्टाचा आणि खाण्याचा, मनातल्या घोराचा नव्हे. पण आपल्याकडे या गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येतात.

‘तुमच्या अ‍ॅड्रिनल थकल्यात’ असं सांगून कुणी पावडर विकायला आलं, तर घेऊ नका. ग्रंथी अशा थकण्याचा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. पोटुशीला फार थकवा असेल, तर आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. थायरॉईडही बघून घ्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, हेही तिथं सांगा. आशाताईंना सांगितलं तरी चालेल. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा मोफत फोन आहे, घरात मारहाण होत असेल तर १८१.

आणि आपल्या गटात कुणी पोटुशी असेल, तर यंदाच्या लावणीत तिच्या वाट्याचे दिवस कोण भरणार, ते येत्या बैठकीतच नावानिशी ठरवा. तिच्या सासूबाईंनाही त्या बैठकीला बोलवा.