दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील मॅग्नेशियम सल्फेट
दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील मॅग्नेशियम सल्फेट : उदरावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत रक्तदाब एकाएकी वाढू नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट या लवणाचा नीलेवाटे केलेला उपयोग. एप्सम लवण या नावाने ते रेचक म्हणून पूर्वीपासून परिचित आहे. गरोदरपणातील रक्तदाबजन्य झटक्यांवरही ते टोचून देतात.

अशा पद्धतीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत केली. भारतात ती १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमटन उडवाडिया यांनी केली.

रक्तदाब वाढण्याची कारणे : आतील इंद्रिये स्पष्ट दिसावीत म्हणून उदरात कार्बन डाय-ऑक्साइड वायू साधारणतः १२ ते १५ मिमी. (पाऱ्याचा स्तंभ) इतक्या दाबाने भरतात. त्यामुळे उदरातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. काही वायू रक्तात शोषला जातो. अधिवृक्क ग्रंथी व अनुकंपी तंत्रिका यांतून एपिनेफ्रिन व नॉरएपिनेफ्रिन, तर पोष ग्रंथीतून व्हासोप्रेसीन अधिक प्रमाणात स्रवते. परिणामी रोहिणिका आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. निरोगी व्यक्ती हा ताण सहज सोसते. परंतु हृदयविकार किंवा अतिरक्तदाब असलेल्या रुग्णास तो धोक्याचा ठरू शकतो.

क्रिया : कोशिकांत कॅल्शियम आयन शिरण्यास मॅग्नेशियम आयन अटकाव करतात. त्यामुळे वरील स्राव कमी होतात, तसेच रोहिणिकांच्या भित्तीतील स्नायू शिथिल होतात. २००९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशिया या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ३२ रुग्णांवरील एका अभ्यासात, वायू भरण्यापूर्वी शरीरवजनाच्या दर किग्रॅ.ला ५० मिग्रॅ. मात्रा दिली असता रक्तदाबातील वाढ व या स्रावांचे रक्तातील प्रमाण ही दोन्ही कमी आढळली.

धोके व दक्षता : ज्या गुणामुळे हे औषध उपयोगी पडते, त्यातच त्याचा धोकाही आहे. तंत्रिका व स्नायू यांच्या संधिस्थानीही ते कॅल्शियमाला विरोध करते. म्हणून शुद्धिहरणात वापरलेल्या व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम यांसारख्या स्नायुशिथिलकांचा प्रभाव लांबतो आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा श्वास पुरेसा सुरू होण्यास विलंब लागू शकतो. मात्रा जादा झाल्यास रक्तदाब व नाडीचा वेग घटतात, गुडघ्याची प्रतिक्षेपी क्रिया नाहीशी होते आणि पुढे श्वसन व हृदय बंद पडण्याचा संभव असतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट नीलेवाटे देतात. मॅग्नेशियमाचे उत्सर्जन वृक्कांवाटे होत असल्याने वृक्कविकारात, तसेच हृदयरोध व स्नायुदौर्बल्याचे काही विकार यांत ते टाळतात किंवा अत्यंत जपून वापरतात.

रक्तदाब वाढल्यास भूल उथळ आहे काय, उदरातील दाब प्रमाणाबाहेर गेला आहे काय व रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साठला आहे काय, हे आधी पाहणे आवश्यक असते. मॅग्नेशियम सल्फेट हे या दक्षतेस पूरक आहे. तिला पर्याय नव्हे.