साम्राज्याचें गुरुत्वाकर्षण

साम्राज्य मोडलें कीं सुभेदाराच्या बेइमानीस बोल लावण्याची आपली रीत आहे. पदार्थविज्ञान निराळें सांगतें. अंतर दुप्पट झालें तर गुरुत्वाकर्षण चतुर्थांश होतें. मध्यवर्ती पिंडाचें वस्तुमान निम्में झालें तर निम्में.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें १७२४ सालीं निजामुल्मुल्कानें बादशाही पक्षाच्या मुबारिझखानास लढाईंत ठार केलें व दक्षिण वस्तुतः दिल्लीच्या हातून सुटली. त्या वर्षीं दिल्ली कांहीं दूर सरकली नव्हती! १७०७ सालीं औरंगजेब वारल्यावर भाऊबंदकीनें केंद्राचें वस्तुमानच झिजलें होतें. तरीहि निजामाच्या नाण्यांवर बादशहाचें नांव शतकाहून अधिक काळ टिकलें, तें जडत्वानें.

ग्रहास इच्छा नसते, मनुष्यास असते. म्हणून हा केवळ दृष्टांत. परंतु मुलगा दुरावला तर त्यास बोल लावण्यापूर्वीं वडिलांनीं स्वतःचें वजन पाहावें.