जुनी लष्करी जीप घेण्यापूर्वी

नांदेड-लातूर भागातील ज्या शेतकरीबंधूंस जुनी लष्करी जीप व तिचा ट्रेलर घेऊन दुरुस्त करण्याची हौस आहे, त्यांचे हितार्थ चार शब्द लिहितो.

जमीन घेताना आपण आधी सातबारा पाहतो, मग विहीर. येथेही तसेच करावे. प्रथम चासी क्रमांक नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहावा. महसुली दप्तरात उभी हयात घालवूनही मी एका ट्रेलरचा नुसता पत्रा पाहून विसार दिला. क्रमांक निराळा निघाला व विसार बुडाला.

दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपेच्या समोरच्या जाळीस बहुधा नऊ फटी असतात. मागाहूनच्या मुलकी जीपेस सात. तिची वीज सहा व्होल्टची असते. बारा व्होल्टची बॅटरी जोडल्यास दिवे जळतात. पाव टनी ट्रेलरवर आडरानात ५०० पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोन क्विंटलच भार घालावा. तळाची भोके मोकळी ठेवावी. पाणी साचल्यास पत्रा गंजतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांन्वये पन्नास वर्षांवरील गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविल्यास ती नित्याच्या वा व्यापारी कामास वापरता येत नाही. तरी हौस की शेतकाम, हे आधी ठरवावे; मगच पैका मोजावा.